एकट्याचा स्वयंपाक आणि उरलेली अर्धी जुडी

प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरी नाशिकच्या अंबडला, शिफ्ट दर आठवड्याला बदलते, राहणं पाथर्डी फाट्याजवळच्या एका खोलीत, सोबत कुणी नाही. मेसचं तेलकट जेवण सोसेना म्हणून काही महिन्यांपासून स्वतःच रांधायला घेतलंय. पोळ्या बऱ्यापैकी जमतात, वरण-भात जमतो. पण दर आठवड्याला अर्धी मेथी पिवळी पडते, कोथिंबिरीचा लगदा होतो, दोन वांगी सुरकुततात आणि फ्रीजमध्ये मागच्या बाजूला कधीचा तरी भात सापडतो. "उरलेल्या सामानाच्या चार-पाच सोप्या रेसिपी सांगा, म्हणजे टाकणं थांबेल. आणि सुट्टीच्या दिवशी आठवड्याचं सगळं एकदम करून ठेवलं तर चालेल का?"

मी सिडकोत बरीच वर्षं घरगुती डबे करते. डबा बंद करून स्वतः करायला लागलेली मुलंमुली, बदलीवर आलेले नोकरदार, आयुष्यात पहिल्यांदा एकट्यासाठी कुकर लावणारे काका, अशांच्या ओट्याशी उभं राहून त्यांना शिकवतेही. तुम्ही लिहिलेली अडचण मी जवळजवळ प्रत्येकाकडे पाहिली आहे. रेसिपी सांगतेच, पण माझ्या मते तुमचं रेसिपीवाचून अडलेलं नाही. आपल्या बाजारातलं सगळ्यात लहान माप हे चार माणसांच्या घराचं माप आहे, आणि तुम्ही एकटे आहात. मेथीची जुडी निवडली की चौघांची भाजी होते. कोबीचा गड्डा अर्धा मागितला तर भाजीवाली देत नाही, कारण कापलेला अर्धा तिच्याकडून कोण घेणार? म्हणजे पिशवी भरतानाच अर्धं उरणार हे ठरलेलं असतं. तुम्ही त्या अर्ध्याचा विचार चौथ्या दिवशी करता, तेव्हा भाजीत जीवच उरलेला नसतो. तो विचार भाजी आणली त्याच संध्याकाळी व्हायला हवा. बाकी जे सांगणार आहे ते सगळं याच्याच आधाराने.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या आधी बोलून घेऊ. तुम्ही दिवसातून एकदाच रांधता की दोनदा? कंपनीच्या कॅन्टीनमध्ये एक वेळ जेवण होत असेल तर घरची भाजी मी सांगते त्याच्याही निम्मीच आणायची. फ्रीज आहे असं तुमच्या लिहिण्यातून दिसतं, पण खोल्यांमधले छोटे फ्रीज बर्फ बऱ्यापैकी धरतात आणि खाली पुरेसे गार नसतात. आतलं तापमान ५ अंशांच्या खाली राहत असेल तरच पुढचे दिवसांचे हिशेब लागू पडतील. आणि ऋतू. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत ओट्यावर दोन दिवस टवटवीत राहणारी मेथी एप्रिलच्या उन्हात संध्याकाळपर्यंत मान टाकते. पावसाळ्यात पालेभाजी ओलीच घरी येते, ती सगळ्यात लवकर कुजते.

आता खरेदी. सुपरमार्केटच्या पाकिटांपेक्षा तुम्हाला बुधवारचा गोदाघाटावरचा बाजार किंवा गंगापूर रोडला आकाशवाणी टॉवरजवळचा भाजीबाजार जास्त सोयीचा, कारण तिथे वाटे मिळतात. वाटा म्हणजे विक्रेत्याने समोर मांडलेला छोटा ढीग: चार वांगी, पाच-सहा टोमॅटो, मूठभर गवार. एकट्या माणसाला वाटा हेच योग्य माप आहे. लांब पडत असेल तर तुमच्या भागातल्या हातगाडीवाल्याशी ओळख वाढवा. रोजचं गिऱ्हाईक असलं की तो दोन बटाटे, एक गाजर, आठ-दहा फरसबीच्या शेंगा असं एकत्र तोलून देतो. खोलीच्या शेजारी कुणी तुमच्यासारखंच एकटं असेल तर पालेभाजीची जुडी निम्मी-निम्मी करा. मी शिकवलेल्यांपैकी ज्यांनी शेजाऱ्याशी हे जमवलं, त्यांचा पालेभाजीचा प्रश्नच मिटला.

एका खेपेला किती आणायचं? माझं मत असं: एक पालेभाजी, दोन फळभाज्या आणि एक टिकाऊ वस्तू, म्हणजे कोबी, गाजर, बीट किंवा लाल भोपळ्याची फोड. यापेक्षा जास्त नको, भाव कितीही उतरलेला असो. नाशिकमध्ये हा मोह मोठा आहे. मार्केट यार्डात पालेभाजीचा लिलाव शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांच्या भावाने होतो. आवक वाढली की तो भाव असा कोसळतो की शेतकऱ्याला गाडीभाडंही सुटत नाही, आणि पावसाची झड लागली की तीच कोथिंबीर हाताला लागत नाही. दहा रुपयांत दोन जुड्या मिळाल्या म्हणून दोन्ही घेतल्या, तर दुसरी फेकण्यासाठीच घेतलेली असते. ज्याने ती पिकवली त्याचं पाणी, खत, मजुरी सगळं तिच्याबरोबर कचऱ्यात जातं. मला ते बघवत नाही.

खाण्याचा क्रम नाशवंतपणावर लावायचा. पहिल्या दोन दिवसांत पालेभाजी, मग भेंडी, वांगी, दोडका, गवार, आणि शेवटी कोबी, गाजर, भोपळा. बहुतेक मुलं उलटं करतात. बटाटा-कोबी सोपा म्हणून आधी होतो, आणि निवडायचा कंटाळा म्हणून मेथी मागे राहते.

तुमच्या मेथीचंच उदाहरण घेऊ, कारण ते जमलं की बाकी सगळं जमतं. जुडी आणली त्या संध्याकाळी ती सोडून पसरा. न धुता. ओली असेल तर पंख्याखाली अर्धा तास वाळू द्या. पाने आणि कोवळी देठं खुडून घ्या, जून देठ टाका. आता या ढिगाचे दोन भाग करा. एका भागाची आजच भाजी: तेलात लसूण-मिरची, त्यावर मेथी, शेवटी दोन चमचे बेसन भुरभुरलं की पीठ पेरलेली भाजी झाली, पोळीशी पोटभर. दुसऱ्या भागासाठी दोन मार्ग आहेत. उद्या-परवा नक्की रांधणार असाल तर सुती कापडात सैल गुंडाळून, डब्यात ठेवून फ्रीजमध्ये टाका. धुणं वापरण्याच्या वेळी. नक्की नसेल तर आजच भाजीच्या कढईतून निम्मी मेथी नुसती परतलेली, बेसन-मीठ घालण्याआधी बाजूला काढा. गार झाली की वाटीभर होते, दोन दिवस राहते. त्यातली थोडी वरणात घातली की डाळमेथी होते. थोडी कणकेत मळली, तीळ-ओवा-तिखट घातलं की पराठे. बाजरीच्या पिठात घातली आणि मुटके करून वाफवले की रात्रीचं जेवण. तीनही पदार्थांत वेगळी फोडणी, वेगळं तोंड, त्यामुळे एकच भाजी चार वेळा खाल्ल्यासारखं वाटत नाही.

कोथिंबिरीचा लगदा होतो तो ओलाव्यामुळे. दुकानातून आली तशी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली की स्वतःच्याच घामात ती सडते. मुळं कापा, पिवळी पानं काढा, कोरडी करा, सुती कापडात गुंडाळा, डब्यात ठेवा. बरेच जण वर्तमानपत्रात गुंडाळतात. छापील शाई खाण्याला लागू नये म्हणून एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेने २०२३ मध्येही पुन्हा वर्तमानपत्र वापरू नका असं बजावलं आहे, तेव्हा जुन्या सुती ओढणीचे चौकोन कापून ठेवा, धुऊन पुन्हा वापरता येतात. एवढं केलं तरी एकट्याला पूर्ण जुडी संपत नाही. म्हणून त्याच दिवशी निम्म्या जुडीची, देठांसकट, हिरवी मिरची, लसूण, जिरं, मीठ, शेंगदाणे घालून चटणी वाटा. पाणी अगदी कमी. चार दिवस पोळीला, थालीपिठाला, अंड्याला पुरते. वेळ असेल तर कोथिंबीर वडी: बेसन, थोडं तांदळाचं पीठ, तिखट, हळद, तीळ घालून घट्ट भिजवा आणि कुकरमध्ये, झाकणाला शिट्टी न लावता, पंधरा-वीस मिनिटं वाफवा. वाफवलेला उंडा फ्रीजमध्ये तीन दिवस राहतो. रोज चार वड्या कापायच्या, तव्यावर चमचाभर तेलात खरपूस करायच्या. शिफ्टवरून आल्यावर याच्याइतकं पटकन होणारं दुसरं काही मला माहीत नाही.

बाकी भाज्यांचं भरभर सांगते. केळी, टोमॅटो, आंबे, सफरचंद पिकताना इथिलीन वायू सोडतात, त्याने शेजारची पालेभाजी पिवळी पडते, म्हणून ती एकत्र ठेवू नका. तुमच्या पिवळ्या मेथीमागे हेही कारण असू शकतं. कांदे-बटाटे फ्रीजबाहेर, हवेशीर, अंधारात आणि एकमेकांपासून दूर. हिरवट झालेला किंवा कडू लागणारा बटाटा खाऊ नये. कांदा घेताना कोणता आहे ते विचारा. हिवाळ्यात येणारा लाल कांदा टिकत नाही, तो किलोच्या वर घेऊ नका. मार्च-एप्रिलनंतरचा उन्हाळ कांदा नीट वाळलेला असला तर महिनोन्‌महिने राहतो, तरी एकट्याला दोन किलो पुष्कळ. गावाकडून कुणी पोतं देऊ केलं तर वाटून टाका.

स्वयंपाकाचा मुख्य मुद्दा आता येतो. उरलेलं खायला कंटाळा येतो तो बहुतेक वेळा पूर्ण तयार पदार्थ उरल्यामुळे. काल फोडणी दिलेली आमटी आज तशीच गरम केली की तिचा वास मरतो, तिखट वर येतं. म्हणून पदार्थ पूर्ण करून ठेवू नका, अर्ध्या वाटेवर थांबवा आणि शेवटचं पाऊल रोज ताजं टाका. आपल्या स्वयंपाकात ते पाऊल म्हणजे फोडणी, आणि तिला दोन मिनिटंही लागत नाहीत.

एक तीन लिटरचा कुकर आणि त्यात बसणारे दोन डबे घ्या. एकात तूरडाळ, एकात तांदूळ, तळच्या पाण्यात दोन बटाटे. एका गॅसवर तीन कामं. डाळ मात्र दोन दिवसांची शिजवा, फक्त हळद-हिंग घालून, मीठही नको. तिचे दोन भाग करून दुसरा लगेच गार करून फ्रीजमध्ये. आज साधं वरण, वर तूप. उद्या त्याच डाळीला मोहरी-कढीपत्ता, चिंच-गूळ आणि गोडा मसाला, म्हणजे आंबट-गोड आमटी. किंवा थोडी पातळ करून, काळा मसाला घालून उकळी आणा आणि त्यात कणकेच्या लाटलेल्या पोळीचे शंकरपाळ्यासारखे तुकडे सोडा. ही वरणफळं. एका माणसाला त्यासारखं जेवण नाही: एक भांडं, पोळी-भाजी-वरण सगळं त्यातच, आणि मेथीची उरलेली मूठ, अर्धा टोमॅटो, दोन शेवग्याच्या शेंगा, काहीही त्यात जिरतं.

दुसरी अर्धी वस्तू म्हणजे वाटण. सुट्टीच्या दिवशी तीन-चार कांदे उभे चिरून तेलावर लालसर भाजा, पाव वाटी सुकं खोबरं भाजा, आलं-लसूण घाला, गार झाल्यावर कमीत कमी पाण्यात वाटा. निम्मं फ्रीजमध्ये चार दिवसांसाठी, निम्मं बर्फाच्या ट्रेमध्ये. गोठलं की खडे काढून डब्यात भरा. कढईत तेल, एक खडा, काळा मसाला, पाणी, उकळी. त्यात उकडलेलं अंडं घातलं की अंडाकरी, जाड तिखट शेव घातली की शेवभाजी, मोड आलेली मटकी शिजवून घातली की उसळ, सुरकुतायला लागलेली ती दोन वांगी चिरून घातली की रस्सा. तुम्ही विचारलेल्या चार-पाच रेसिपी खरं तर या एका वाटणातच आहेत.

कडधान्यांबद्दल एवढंच लक्षात घ्या की मटकी भिजून मोड आल्यावर जवळजवळ तिप्पट दिसते. अर्धी वाटी कोरडी भिजवली तरी एकट्याला दोन वेळचं होतं. निम्मीची उसळ, निम्मी फ्रीजमध्ये, आणि दोन दिवसांनी ती थालीपिठात किंवा पोह्यांत.

मापं विचारली नाहीत तुम्ही, पण भात उरतो म्हणजे माप चुकतंय. पोळीसोबत भात असेल तर तांदूळ पाव वाटी, नुसता भात असेल तर अर्धी. तूरडाळ एका वेळेला पाव वाटी. पोहे दोन मुठी. कणीक अर्धी-पाऊण वाटी घेतली की दोन-तीन पोळ्या होतात. वाटी एकच ठरवा आणि ती डब्यातच टाकून ठेवा. तुम्ही अंगमेहनतीचं काम करत असाल तर यात वाढ करा, पण आठवडाभर तेच माप ठेवून पाहा, रोज अंदाज बदलू नका. कणीक मळून ठेवायची तर तेलाचा हात लावून घट्ट झाकणाच्या डब्यात, दुसऱ्या दिवशी संपवायची. ती काळवंडते आणि आंबूस होते.

आता त्या फुटकळ उरलेल्या वस्तू: अर्धं गाजर, कोबीचा तुकडा, चार पानं पालक, एक कांदा. यांच्यासाठी घरात थालीपिठाची भाजणी कायम असू द्या. आईला किंवा मावशीला सांगून गावाहून मागवा, नाहीतर महिला बचत गटांची मिळते. किसून, चिरून सगळं भाजणीत घाला, तिखट-मीठ-हळद-तीळ, गरम तव्यावर थापा, भोक पाडून तेल सोडा, झाकण ठेवा. काल उरलेला भातही त्यात कुस्करता येतो. भाजणी नसेल तर बेसन-तांदळाच्या पिठाचं धिरडं. दही आंबट झालं असेल तर तेच टाकून भिजवा. आंबट ताकाची दुसरी सुंदर वाट म्हणजे ताकाची उकड: तेलात मोहरी, लसूण, मिरची, कढीपत्ता, त्यात ताक आणि तांदळाचं पीठ गुठळी न होता कालवून ओतायचं, हलवत राहायचं, वाफ आणायची. आजारी असताना, थकून आल्यावर, पावसात, कधीही चालते. पोळ्या उरल्या तर फोडणीची पोळी, किंवा मिक्सरमधून काढून गूळ-तुपाचा लाडू. भाकरी उरली तर ताकात कुस्करून वर मिरचीची फोडणी. ही सगळी आपल्या आज्यांची रोजची न्याहारी होती. यात कमीपणाचं काही नाही आणि उपासमारीचंही नाही.

टाकायच्या आधी सालं-देठंही बघा. दोडक्याच्या शिरा तेलात कुरकुरीत परतून तीळ, सुकं खोबरं, लसूण, तिखट घालून कुटल्या की उत्तम कोरडी चटणी होते. दुधीच्या सालीचीही तशीच. फ्लॉवरची कोवळी पानं आणि दांडे बारीक चिरून झुणक्यात. मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून भाजी मुळ्यापेक्षा मला जास्त आवडते. कोबीचा आतला दांडा किसून कोशिंबिरीत. पण कीटकनाशकांचा प्रश्न आहे, म्हणून साल वापरायची असेल तेव्हा वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. मेणाचा थर दिसणारी काकडी किंवा सफरचंद असेल तर साल सोडून द्या.

यानंतरचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे मी काटकसर बाजूला ठेवते. वाया जाऊ नये म्हणून पोट बिघडवून घेणं महाग पडतं. तुमच्या फ्रीजमध्ये "कधीचा तरी" भात सापडतो, तो टाका. शिजवलेल्या तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात. भात कुकरमध्येच रात्रभर कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि उलट्या करवणारं ते विष पुन्हा गरम करून नष्ट होत नाही. वास येईलच असंही नाही. म्हणून जेवण झालं की भात ताटात पसरून गार करा, तासाभरात फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा, आणि एकदाच, चांगली वाफ येईपर्यंत गरम करा. दुसऱ्या दिवशीच्या अशा गार भाताचा फोडणीचा भात छान मोकळा होतो, किंवा थोडा मऊ करून दहीभात. बाकी शिजवलेल्या अन्नासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे: बाहेर २ तासांपेक्षा जास्त नाही, गरम ठेवायचं तर ६० अंशांच्या वर, थंड ठेवायचं तर ५ अंशांच्या खाली. नाशिकच्या मे महिन्यात मी २ तासही थांबत नाही.

बुरशी दिसली तर पाव, शिजवलेली भाजी, चटणी असं मऊ काहीही पूर्ण टाकायचं. वरचा भाग काढून खालचा खायचा नाही, कारण बुरशीचे तंतू आत गेलेले असतात. शेंगदाणे काळपट, सुरकुतलेले, कुबट लागले तर मोह सोडा. त्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि ते भाजून जात नाही. दूध तापवताना फाटलं, पण वास ठीक आहे, तर पनीर करून त्याच दिवशी भुर्जी करा. वास खटकला तर सिंकमध्ये.

एक साधी सवय लावा: कागदी चिकटपट्टी आणि पेन फ्रीजवर ठेवा, प्रत्येक डब्यावर वार लिहा. "सोम, डाळ." पारदर्शक डबे घ्या, उरलेलं सगळं एकाच कप्प्यात, डोळ्यांच्या रेषेत. स्वयंपाकाला लागण्याआधी पहिल्यांदा तो कप्पा बघायचा आणि मग काय करायचं ते ठरवायचं.

किराण्याचं फार सांगत नाही. गहू दळून आणत असाल तर दोन-तीन किलो, ज्वारी एक किलो, बाजरी त्याहून कमी, कारण बाजरीच्या पिठातल्या स्निग्धांशामुळे ते थोड्याच दिवसांत कडू होतं. रवा आणल्याबरोबर कोरडा भाजून ठेवा, पावसाळ्यात अळ्या होत नाहीत, आणि उपमाही पटकन होतो. शेंगदाण्याचं कूट आठवड्यापुरतंच करा. टोमॅटो स्वस्त झाले आणि किलोभर घेतलेच, तर त्याच दिवशी चिरून, मीठ घालून, पाणी आटेपर्यंत शिजवा आणि गोठवून ठेवा. महाग झाल्यावर उपयोगी येतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न: सुट्टीच्या दिवशी आठवड्याचं सगळं? तयार जेवण करून ठेवू नका असंच मी सांगेन. पोळ्या चिवट होतात, भाज्या तिसऱ्या दिवशी नकोशा होतात, मग तुम्ही बाहेरून वडापाव आणता आणि फ्रीजमधलं टाकता. हे मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे. सुट्टीच्या दिवशी फक्त अर्ध्या वाटेची कामं करा: पालेभाजी निवडणं आणि तिचे भाग करणं, वाटण, एक चटणी, मटकी भिजवणं, लसूण सोलून ठेवणं. दीड तासात होतं. मग आठवड्याच्या मध्यावर, बुधवारी किंवा गुरुवारी, एक छोटी खेप भाजीची आणि एकदा डाळ.

शिफ्टप्रमाणे थोडा फरक करावा लागेल. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात तुम्ही दुपारी घरी येता, तेव्हा पालेभाज्या त्याच आठवड्यात आणा, निवडायला वेळ मिळतो. सेकंडच्या आठवड्यात मुख्य जेवण दुपारी निघण्याआधी करा आणि रात्री आल्यावर वडी, थालीपीठ किंवा दहीभातासारखं हलकं. नाइटच्या आठवड्यात भाजी निम्मीच आणा, कारण झोपेचा क्रम बिघडतो आणि एक वेळचं जेवण हमखास हुकतं. त्या आठवड्यात कोबी, गाजर, अंडी, मटकी, गोठवलेलं वाटण यांवर भागवा. डबा नेणार असाल तर भात नको, पोळी आणि कोरडी भाजी न्या.

तुमच्या फ्रीजला वेगळा फ्रीजर आहे की नुसता बर्फाचा छोटा कप्पा, आणि कंपनीत एक वेळचं जेवण मिळतं का, ते कळवा. त्यावरून पहिल्या दोन आठवड्यांची भाजी आणि किराणा मापासकट लिहून देते.